मधातला पत्रा

विषय : इंजिन आणि वैमानिकाचे पाय यांच्यामध्ये उभे राहण्याबाबत.

संदर्भ : सौ. सोजरबाई भागवत काळबांडे, राहणार इंझोरी, यांचा अर्ज, तसेच त्यावर आलेली, न आलेली आणि वाट चुकलेली उत्तरे.

उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने निवेदन करण्यात येते की, मी पत्रा बोलतोय. पत्र नव्हे, पत्रा. हा खुलासा आधीच केलेला बरा, कारण सरकारी कामात एका कान्यानं पुष्कळ फरक पडतो. पत्राला उत्तर येईलच असं नाही. पत्र्यावर टिचकी मारली तर निदान आवाज तरी येतो.

मी स्टीलचा आहे. जाडी अर्धा मिलिमीटर. दुसरा शब्द सापडला नाही म्हणून ‘जाडी’ वापरला आहे.

माझा जन्म लांबच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. लालभडक लाद्या रुळांमधून दाबल्या जात होत्या एवढं अंधुक आठवतं. पण जन्माच्या वेळचं कुणालाच नीट आठवत नाही, दाखल्यावर जे असेल ते पुढे खरं मानतात. माझा दाखला म्हणजे अंगावर चिकटवलेला कागद. त्यावर ‘गंजणार नाही’ असं लिहिलं होतं. इतकं स्पष्ट आश्वासन माणसं सहसा लेखी देत नाहीत.

अकोल्याच्या दुकानातून मला मंगरूळपीरला आणलं केशरीचंद शेठनी. तिथल्या एका सरकारी कार्यालयाच्या आवारात त्यांची कँटीन होती. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. तिथला चहा उधारीवर प्यायलेली माणसं अजून नोकरीत आहेत. भट्टीच्या मागे, भिंतीवर मला ठोकण्यात आलं. काम एकच, कढईखालचा जाळ भिंतीला लागू द्यायचा नाही.

तिथे मी दोन गोष्टी शिकलो, आग आणि कार्यालयीन मराठी. दोन्हींत साम्य आहे. लांबून दोन्ही उपयोगी वाटतात. जवळ गेल्यावर माणूस मागे सरतो. ‘साहेब आहेत, पण जागेवर नाहीत’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की, साहेब आणि जागा या दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या वस्तू असाव्यात अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

केशरीचंद शेठ जैन. भट्टी पेटवण्याआधी मऊ कुंच्यानं आजूबाजूची जमीन झाडायचे, एखादी मुंगी जाळात जायला नको म्हणून. सूर्य मावळायच्या आत भट्टी विझवायचे. त्यामुळे मला रोज संध्याकाळी थंड व्हायला मिळायचं. त्या आवारात कामाच्या वेळा पाळणारे तेवढे दोघंच होते, शेठ आणि सूर्य. शेठच्या पत्नी पानाबाई मागे बसून कचोऱ्या लाटायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा हिशेब तोंडानं चुकता करायच्या.

मग एक दिवस भट्टीमागे चकचकीत टाइल्स लागल्या आणि माझी बदली मागच्या अंगणात, तेलाच्या रिकाम्या डब्यांशेजारी झाली. अशा बदलीला कारण देत नाहीत.

तिथून मला उचललं भागवतरावांनी. भागवतराव काळबांडे हे इंझोरीचे, वायुदलात इंजिनांचं काम करून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात किंवा सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. भागवतरावांनी घरामागच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधायला काढलं. त्यांची मुलगी वैष्णवी नागपूरला विमान उडवायला शिकून, परवाना घेऊन परतली होती. तिला ते विमान इंझोरीच्याच शेतातून उडवायचं होतं. बांधकाम दोघं मिळून करत होती. म्हणजे वडील बांधत आणि मुलगी ते उकलून पुन्हा बांधायला लावी.

त्या दिवशी भागवतराव कचोरी खायला आले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

“शेठ, हा भट्टीमांगचा पत्रा काहून काढला?”

“टाइल्सा लावल्या ना. साहेब लोकायले चमक पायजे. तुमाले कायले पायजे? न्हाणीचं दार करता?”

“इमानात लावतो.”

आतून पानाबाईंचा आवाज आला, “घ्या! आता इमान बी आमच्या भट्टीच्या पत्र्याचं. वर गेलं त साऱ्या जिल्ह्यात तेलाचा वास सुटन.”

वैष्णवी वासावर भाळणारी नव्हती. शेडमध्ये तिनं माझ्या कोपऱ्यावर कसल्याशा औषधाचा थेंब टाकून रंग पाहिला, स्टील अस्सल आहे का ते कळायला. मग सूक्ष्म मापानं माझी जाडी ठिकठिकाणी मोजली, कुठे पातळ झालोय का ते पाहायला. मी कुठेही पातळ झालेलो नव्हतो. इतकी वर्षं कँटीनमध्ये राहून हे सोपं नाही.

“चालते,” ती म्हणाली. मुलाखतीत पास झाल्याचा आनंद काय असतो, ते मला त्या दिवशी समजलं.

माझं काम तिनंच वडिलांना पुन्हा एकदा समजावून सांगितलं, कारण त्यांना ते आधीपासून माहीत होतं. या विमानात इंजिन पुढे असतं. त्याच्या लगेच मागे वैमानिकाचे पाय. इंजिनात पेट्रोल, तेल आणि उष्णता एकत्र नांदतात आणि असल्या एकत्र कुटुंबात कधीतरी भडका उडू शकतो. तेव्हा त्या दोघांच्या मध्ये कुणीतरी उभं असावं लागतं. तो मी. आगीपासून विमान वाचवणं हे माझं काम नाही. वैमानिक पेट्रोल बंद करून, खाली मोकळं शेत बघून उतरेपर्यंत आग पुढेच अडवून धरायची, एवढंच.

मला विमानाच्या नाकाच्या आकारात कापलं. एक मोठा तुकडा उरला, तो माझा धाकटा भाऊ. मी फ्रेमवर रिव्हेटांनी बसलो. मग माझ्यात सात भोकं पाडली. एक पेट्रोलच्या नळीसाठी, एक वायरींसाठी, एक वेग वाढवायच्या दोरीसाठी, अशी. ज्याला म्हणून इंजिनाशी बोलायचं होतं, तो माझ्यातून आरपार गेला. भागवतरावांनी भोकांना काळ्या रबराच्या कड्या बसवल्या. आवाज कमी व्हावा म्हणून आतल्या बाजूला, वैमानिकाकडे, मऊ फोम चिकटवला. मला ते बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी गादी दिली होती.

आता सोजरबाईंचं सांगतो. त्या भागवतरावांच्या पत्नी, वैष्णवीची आई. विमान धावायला लांबट, सपाट जमीन लागते. तशी जमीन इंझोरीत काळबांड्यांकडे एकच होती आणि ती सोजरबाईंच्या नावावर होती, माहेरकडून आलेली. जिल्ह्याचं ना-हरकत मिळाल्याशिवाय विमानांना परवानगी देणारं दिल्लीचं मोठं कार्यालय पुढे बघणार नव्हतं. ना-हरकतीसाठी जमीनमालकाचा अर्ज हवा. अर्जावर सही सोजरबाईंची.

सोजरबाईंनी नाही म्हटलं नाही. त्यांनी फक्त सही केली नाही. कँटीनच्या अनुभवावरून सांगतो, नकारापेक्षा हे भारी असतं. नकारावर अपील करता येतं.

“आई, नुसती सही त करायची हाये.”

“करू ना. भाकरी टाकून घेऊ दे.”

भाकरी झाल्या की कापूस वेचायचा असायचा, कापूस झाला की तूर सोंगायची. अर्ज फडताळात आणि वैष्णवी ओट्यावर. एकदा तिला दुसऱ्या राज्यातून शिकवायच्या नोकरीसाठी बोलावणं आलं, तेव्हा मात्र ती शेडमध्ये झाडायला आलेल्या आईसमोर जाऊनच बसली.

“सांग मले. जाऊ का राहू? तू सही करत नसशील त मी जातो, अन् दुसऱ्याचं इमान उडवतो. इंजिन त्याच्यातही समोरच राह्यते.”

सोजरबाईंनी डाव्या पायाची चप्पल काढली आणि पाय पुढे केला.

तो पाय मी आधीही पाहिलेला होता, त्या झाडायला येत तेव्हा. अंगठ्यापासून घोट्यापर्यंत कातडी चुण्या पडल्यासारखी. उजव्या पायात जोडवी होती, डाव्यात नव्हती.

“तू लहान होती,” त्या म्हणाल्या. “कामरगावच्या बजारातून जीपनं येत होतो. मी डायवरच्या बाजूले, समोर. बोनेटात आग लागली. डायवर मने, भिऊ नका, मधात पत्रा हाये. होता ना पत्रा. पण वायरीच्या भोकातून जाळ आला अन् माह्या पायावर बसला. पाय सुजला त दवाखान्यात जोडवे कातरून काढा लागले. पत्र्याले काई झालं नाही. चकाचक होता.”

भागवतरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही ती जीप मीच चालवत होतो.

“मंग पाहू,” वैष्णवी म्हणाली. “जाळून पाहू. तुह्यासमोर.”

“पाहू,” सोजरबाई म्हणाल्या. “पण जेवढ्या दूर तुहे पाय राह्यतीन, तेवढ्याच दूर माहे पाय ठेवीन.”

“अवं, डोकं फिरलं का तुहं?” भागवतराव.

“काहून? पोरीचे पाय चालतात अन् माहे नाही चालत?”

वैष्णवी शेठच्या भट्टीचं विचारायला मंगरूळपीरला निघाली.

लग्नाच्या पंगतीला शेठ एक मोठी डिझेलची भट्टी वापरत, पंख्यानं वारा घालायची, जिचा जाळ आडवा सुटला की आचारीसुद्धा लांब उभा राहतो. रविवारी कँटीन बंद असताना शेठ आणि पानाबाई ती भट्टी, एक गॅसची शेगडी, कढई आणि कचोरीचं पीठ घेऊन टेंपोनं इंझोरीला आले. पीठ कशाला, असं भागवतरावांनी विचारलं, तर शेठ म्हणाले, “एवढ्या दूर आलो, अन् रिकामी आग पाहू का?”

पण पिठाचा उपयोग झाला. सोजरबाईंनी विचारलं, “आग लागल्यावर खाली उतराले किती येळ लागते?”

“पंधरा मिनटं धर,” वैष्णवी म्हणाली.

“मले मिनटं नोको सांगू. घड्याळावर माहा भरोसा नाही.”

“वैनी,” शेठ म्हणाले, “मंद आचेवर कचोरीचा एक घाणा. टाकल्यापासून काढेलोक. तेवढाच येळ.”

हे त्यांना पटलं. तेव्हापासून या विमानाच्या अग्निसुरक्षेचं माप घाणा आहे. दिल्लीला हे अजून कळवलेलं नाही.

परीक्षेला माझा धाकटा भाऊ उभा राहिला. त्याला लोखंडी चौकटीत बसवलं. माझ्यासारखीच भोकं, रबराच्या कड्या, वायरी, नळी, मागे फोम. पुढून भट्टीचं तोंड. मागे एक खुर्ची आणि खुर्चीत सोजरबाई. बाजूला पाण्यानं भरलेला ड्रम, वाळूच्या बादल्या आणि आग विझवायचं लाल नळकांडं हातात धरून वैष्णवी. मी शेडमध्ये विमानाला जोडलेला होतो, पण दार उघडं होतं. सगळं दिसत होतं.

शेठनी आधी कुंचा घेतला आणि शेतातली तेवढी जमीन झाडली. “मुंग्यायले सांगू द्या,” ते म्हणाले. मग पानाबाईंनी कचोऱ्या तेलात सोडल्या.

“टाकला घाणा!”

पंखा सुरू झाला. जाळ आडवा सुटला आणि भावाच्या छातीवर आदळला. तो जांभळा झाला, मग निळा, मग लाल. पण उभा राहिला. वाकला नाही. मला अभिमान वाटला. आमच्या घराण्यात कुणी वितळत नाही.

कचोऱ्या अजून पांढऱ्याच होत्या तेवढ्यात मागून धूर निघाला. फोम करपत होता. रबराच्या कड्या मेणासारख्या ओघळल्या आणि वायरीच्या भोकातून जाळाची एक बारीक जीभ आत आली. सोजरबाईंना खोकल्याची उबळ आली. त्या उठल्या. चप्पल शोधली आणि घराकडे निघाल्या.

वैष्णवीनं भट्टी बंद करायला लावली.

“पत्रा पास हाये,” भागवतराव हळूच म्हणाले.

“पत्रा पास, बाप नापास,” ती म्हणाली. “किती खेपा सांगतलं, रबर नोको, फोम नोको. तर म्हणता, तात्पुरतं हाये. बाबा, आग बी तात्पुरतीच राह्यते.”

कढईतल्या कचोऱ्यांकडे बघत पानाबाई म्हणाल्या, “आता हे कच्चे कोन खाईन?”

कुणीच खाल्ल्या नाहीत.

मला मात्र त्या दिवशी समजलं की मी म्हणजे नुसता पत्रा नाही. मी म्हणजे पत्रा वजा भोकं. भिंतीची ताकद भिंतीत मोजतात. पण आग भिंतीकडे जात नाही, ती भोक विचारत येते. कँटीनमधला कोणताही अर्जदार हे मला आधीच सांगू शकला असता.

पुढचा काही काळ बापलेकीनं माझ्यावरच काढला. माझी गादी गेली. ओरबाडूनच काढली, आणि खाली राहिलेला गोंदही घासून टाकला. इंजिनाच्या बाजूनं एक पांढरी, लोकरीसारखी चादर लावली. ती चिनी मातीच्या धाग्यांची असते आणि जळत नाही. तिच्यावर बारीक स्टीलचा पापुद्रा. पेट्रोलच्या नळीला आगीत टिकणारी नारिंगी बाही घातली. जिथे ॲल्युमिनियमचे रिव्हेट होते तिथे स्टीलचे आले. भोकांसाठी वैष्णवीनं स्टीलच्या गोल कड्या घडवल्या आणि उरलेल्या फटींत लाल रंगाचं लुकण भरलं, जे तापलं की फुगून फट बुजवतं. भावाचीही तशीच सजावट झाली. तो पहिल्या आगीनं काळवंडला होता, पण हजर होता.

त्या कड्या एका ताटात मांडून ठेवल्या होत्या, तेव्हा सोजरबाई भाकरीचं बोलावणं घेऊन आल्या. एक कडी उचलून त्यांनी बोटात फिरवली.

“हे त जोडवे हायेत.”

“हौ,” वैष्णवी म्हणाली. “भोकाले जोडवे घालून राह्यलो.”

“यायले कातरून काढा लागन का कधी?”

“नाही काढा लागणार. तसेच राह्यतीन.”

सोजरबाईंनी कडी ताटात ठेवली. “आणजो मंग शेठची भट्टी,” त्या म्हणाल्या. “अन् कचोरीत मीठ जरा जास्त टाकाले सांगजो.”

दुसऱ्या रविवारी पुन्हा टेंपो, पुन्हा कुंचा, पुन्हा खुर्ची. घाणा पडला, पंखा सुरू झाला. भाऊ पुढून उजळला, पण मागून काळाच राहिला. लाल लुकण फुगलं आणि फटी मिटल्या. सोजरबाईंनी दोन्ही पाय ठरल्या जागी ठेवले होते. त्यांच्या कपाळावर घाम आला, पदरानं पुसला. एकदा त्यांनी डावा पाय मागे घेतला. भागवतराव पुढे झाले. पण सोजरबाईंनी तो पाय पुन्हा होता तिथे ठेवला.

बोलत होत्या फक्त पानाबाई. “अजून पांढरे हायेत... आता जरा रंग धरला... भागवतभाऊ, तुमी जाळाकडे नोका पाहू, कचोरीकडे पाहा, जीव घाबरत नाही... झाले बदामी... अजून जराक...”

वैष्णवीनं लाल नळकांड्याची खीळ आधीच काढून ठेवली होती. परवाना असलेली वैमानिक, पण खुर्चीत आई होती.

“काढला घाणा!”

पंखा थांबला. आत ना धूर आला होता, ना जाळाची जीभ. वैष्णवीनं खाली बसून आईच्या पायांना हात लावून पाहिला. गरम होते, उन्हात चालून आल्यासारखे. त्यापलीकडे काही नाही.

सोजरबाईंनी एक कचोरी मागितली. फुंकर मारून खाल्ली.

“मीठ कमीच हाये,” त्या म्हणाल्या. “दे तो कागद.”

सही करताना हाताला तेल होतं. अर्जाच्या खाली उजव्या कोपऱ्यात तो डाग अजून आहे. माझ्या मते त्या अर्जातला तो सर्वांत अस्सल पुरावा आहे, पण जोडपत्रांच्या यादीत त्याचा उल्लेख नाही.

इथून पुढे माझा प्रवास कागदावर सुरू झाला.

जिल्ह्याकडे जाणारा अर्ज आधी मंगरूळपीरच्या कार्यालयात द्यायचा होता आणि अर्ज मराठीत असावा, असा फलक तिथे लावलेला होता. भागवतरावांच्या वायुदलात मला ‘फायरवॉल’ म्हणत. एका अर्ज लिहून देणाऱ्या सद्‍गृहस्थांनी त्याचं शुद्ध मराठी केलं : ‘अग्निरोधक भिंत, जाडी अर्धा मिलिमीटर, छिद्रे सात.’ भिंत म्हटल्यावर अर्ज बांधकामाच्या टेबलावर गेला आणि एक दिवस फीत घेऊन एक साहेब पाहणीला आले.

“भिंत कुठे आहे?”

“हे काय.” भागवतरावांनी मला टिचकी मारली.

“ही भिंत? विटा कुठे आहेत?”

“स्टीलची हाये.”

“पाया?”

“पाया नाही, साहेब. चाकं हायेत.”

साहेबांनी चाकांना फीत लावून पाहिली. मग अहवाल लिहिला : ‘भिंत जागेवर आढळली. तथापि ती चाकांवर असल्याने चतुःसीमा निश्चित करता आल्या नाहीत. जाडी फारच कमी आहे. भिंतीस असलेली सात छिद्रे तात्काळ बुजवावीत.’

वैष्णवी हसली नाही. “शेवटलं वाक्य बरोबर हाये,” ती म्हणाली. “त्यायले सांगा, बुजवले.”

मग ‘भिंत’ खोडून सरळ ‘फायरवॉल’ लिहिलं. तो अर्ज संगणकाच्या टेबलावर गेला. उत्तर वेळेत आलं, हे नमूद केलं पाहिजे : ‘या कार्यालयाच्या संगणकांना फायरवॉल बसविण्यात आलेली आहे. आपल्याकडील फायरवॉलची तूर्त आवश्यकता नाही.’ आयुष्यात मला नोकरीवरून काढलं होतं, पण अर्ज न करता नाकारलं होतं ते पहिल्यांदाच.

सोजरबाई वैतागल्या. “तुमी दोघं शिकेल हा, म्हून असे शब्द लिवता. म्या सांगतल्यावानी लिव. इंजिनाच्या अन् माणसाच्या मधातला पत्रा.”

वैष्णवीनं तसंच लिहिलं. इतकं सोपं आणि इतकं बरोबर माझं वर्णन कुणी केलं नव्हतं. आमच्याकडे दोन गोष्टींच्या मध्ये जे असतं, त्याला मधातलं म्हणतात. यात न कळण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं.

पण कार्यालयात नुकत्याच कोल्हापूरकडच्या एक बाई साहेब म्हणून आल्या होत्या. तिकडे मध म्हणजे मधमाश्यांचा मध, दुसरा नाही. त्यांनी ‘मधातला पत्रा’ वाचलं आणि शेरा मारला : ‘मधाशी संबंधित. योग्य शाखेकडे वर्ग करावे.’ यथावकाश सोजरबाईंना मधपेट्यांच्या योजनेचं माहितीपत्रक आलं. त्यावर एका मधमाशीचं चित्र होतं. विमानाच्या जवळपास जाणारी, म्हणजे निदान उडणारी, अशी सरकारकडून मिळालेली ती पहिलीच गोष्ट.

सोजरबाई ते पत्रक घेऊन स्वतः मंगरूळपीरला गेल्या. वैष्णवी सोबत होती. पुढचं तिनं शेडमध्ये वडिलांना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

“मॅडम,” सोजरबाई म्हणाल्या, “हे माशी तुमीच पाठवली का?”

“मावशी, तुम्ही मधातला पत्रा लिहिलंय ना? मधाच्या पोळ्याचाच काहीतरी असणार.”

“मधाचा नाई वं माय! मधातला. हे पाह्य. तू तिकडे, मी इकडे. हा टेबल तुह्या-माह्या मधात हाये का नाई?”

बाईसाहेबांनी टेबलावर हात ठेवला. मग म्हणाल्या, “मधला!”

“थेच त म्हणून राह्यली मी कवाची.”

बाईसाहेब इतक्या हसल्या की बाहेरचा शिपाई आत डोकावला. त्या खोलीतून असा आवाज येण्याची त्याला सवय नसावी. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, “मग काय अडवतो तो पत्रा?”

सोजरबाईंनी चप्पल काढली आणि टेबलाच्या बाजूला येऊन पाय दाखवला. जीप सांगितली, भट्टी सांगितली, घाणा सांगितला. बाईसाहेबांनी मध्येच थांबवलं.

“तुम्ही स्वतः मागे बसला होतात?”

“मंग? पोरगी बसणार हाये ना.”

बाईसाहेबांनी फाइल ओढून घेतली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं : ‘अर्जदारास समक्ष ऐकले. मधातला याचा अर्थ मधला असा वाचावा. पत्र्याची चाचणी अर्जदाराने स्वतः दिली आहे. ना-हरकत देण्यास या कार्यालयाची हरकत दिसत नाही. पुढील आदेशार्थ जिल्ह्याकडे सादर.’

‘चाचणी अर्जदाराने स्वतः दिली आहे’ या वाक्यात व्याकरणाची चूक काढता येईल. मी काढणार नाही.

वैष्णवीनं दुसऱ्या राज्यातल्या नोकरीला नकार कळवला. तसं कळवण्याआधी आईनं तिला विचारलं, “अर्ज पास झाला नाही त?” ती म्हणाली, “आधी तुह्या फडताळात होता, आता साहेबाच्या फडताळात हाये. पुढंच सरकून राह्यला.”

आता माझी सद्यःस्थिती. मी विमानाच्या नाकामागे, सात जोडव्यांसह, उभा आहे. माझा काळवंडलेला भाऊ शेडच्या दाराशी टेकवून ठेवला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सोजरबाई तो उलटसुलट करून दाखवतात. मागच्या आठवड्यात विमानाची मागची बाजू बाभळीला दोरखंडानं बांधून, चाकांना लाकडी ठोकळे लावून पहिल्यांदा इंजिन सुरू केलं. शेठ आणि पानाबाई लांब उभे होते, शेठच्या हातात कुंचा होता. बाईसाहेबांना निमंत्रण दिलं होतं. त्यांनी दौरा निघाल्याचं कळवलं आणि कचोरी ठेवायला सांगितली.

वैष्णवी डावीकडे बसली. उजवीकडे कोण, असं भागवतराव विचारत होते, तेवढ्यात सोजरबाई चढून बसल्यासुद्धा.

इंजिन खोकलं, मग त्यानं सूर धरला. माझ्या पुढून उष्णता आली, ओळखीची, भट्टीसारखी. माझ्या मागे चार पाय होते. त्यांतल्या एकात जोडवी नव्हती. तो माझ्या सगळ्यांत जवळ होता.

“काई लागते का पायाले?” वैष्णवीनं ओरडून विचारलं.

“काईच नाही,” सोजरबाई ओरडल्या. “चालू दे.”

तरी विनंती की, माझ्याविषयी पुढे कुठे लिहायची वेळ आली, तर भिंत लिहू नये, फायरवॉल लिहू नये, आणि मधाची शाखा यात आणू नये. पत्रा लिहावं. मधातला.

सौ. सोजरबाई काळबांडे यांचा अर्ज जिल्ह्याकडे पोचल्याची पावती मिळाली आहे. अर्ज प्रलंबित आहे.